लपविलेला चावा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभींची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील अकरा वर्षांचा मुलगा एकाएकीं गुडघ्यापर्यंत मोजे घालून घरांत वावरूं लागला. जेवतांना मोजे, अभ्यासास बसतांना मोजे, रात्रीं अंथरुणावरही मोजे. शाळा नुकतीच उघडलेली असल्यामुळें मुलास नव्या गणवेषाचा सोस लागला आहे, असें आईनें शेजारणीस कौतुकानें सांगितलें. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं आजीनें त्याच्या पायांस तेल लावावयास घेतलें, तेव्हां मोजा खालीं सरकला आणि पोटरीवर चार काळसर खुणा दिसल्या. "जिन्यावरून पडलों," मुलगा म्हणाला. "जिन्याला दांत कधींपासून फुटले रे?" असें आजीनें विचारतांच त्यास रडूं कोसळलें. गिरणीमागच्या ज्या बोळांत पाऊल टाकूं नकोस म्हणून वडिलांनीं दहा वेळां बजाविलें होतें, त्याच बोळांत तो गोट्या खेळावयास गेला होता, आणि पिलांजवळ बसलेल्या एका कुत्रीनें त्याचा पाय धरला होता.

मुलाचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच. आम्हांस त्या वेळीं नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. कुत्रें चावल्यावर काय करावें हें ह्या मुलास ठाऊक नव्हतें, असें मुळींच नाहीं. त्याच्या शाळेंत ह्या विषयावर चित्रें लावलीं होतीं, व्याख्यान झालें होतें, आणि निबंधाच्या स्पर्धेंत त्यानें स्वतः दोन पानें लिहून उत्तेजनार्थ एक लेखणीही मिळविली होती. जखम साबणानें धुवावी, डॉक्टरांकडे जावें, हीं वाक्यें त्याच्या वहींत त्याच्याच अक्षरांत होतीं. पण त्यास आणखी एक गोष्ट ह्याहून पक्की ठाऊक होती. ती म्हणजे वडिलांचा हात. दोन ज्ञानांची झुंज लागली, आणि जें अधिक जवळचें होतें तें जिंकलें.

जनावरांपासून माणसांस होणाऱ्या रोगांविषयीं लोकजागृति करावी असें हल्लीं सर्वत्र म्हटलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु जागृति म्हणजे माहिती, अशी आपण समजूत करून घेतली आहे. माहिती हवीच, तथापि जें झालें तें निर्भयपणें सांगतां येईल असें घर व अशी शाळा नसेल, तर ती माहिती वहींतच राहते, हें आमचें आजच्या लेखांतील म्हणणें आहे. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींही हा अंक वाचावा अशी आमची नेहमींच इच्छा असते. ह्या लेखापुरती तर ती विनंती समजावी.

पिसाळण्याचा रोग आपल्याकडे नवा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत अलर्कविषाचें वर्णन आलें आहे, आणि दंश झालेला मनुष्य पाण्यास भिऊं लागला म्हणजे त्याची आशा सोडावी असा निर्णयही तेथें दिलेला आहे. आज रुग्णालयांत ज्यास रेबीज म्हणतात तो हाच रोग. वैद्यकशास्त्र इतकें पुढें गेलें, तरी त्या जुन्या निर्णयांत फारसा फरक करणें कोणासही साधलेलें नाहीं. लक्षणें दिसूं लागल्यानंतर ह्या रोगांतून वांचलेलीं माणसें सगळ्या जगांत अगदींच थोडीं आहेत. पाण्याचा पेला ओठांशीं नेला कीं घशाच्या स्नायूंस असह्य आंचके येतात, वाऱ्याची झुळूक अंगावर आली तरी तसेंच होतें, आणि रोगी बहुधा थोड्याच दिवसांत जातो. त्याहून अधिक वर्णन आम्ही मुलांच्या मासिकांत करणार नाहीं.

परंतु हा रोग कसा चालतो हें मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. कारण आमच्या सगळ्या म्हणण्याचें मूळ तेथें आहे. रोगाचा विषाणु पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत असतो. दांत रुतला, ओरखडा निघून त्यास लाळ लागली, किंवा आधींच फुटलेल्या कातडीवर जनावराची जीभ फिरली, कीं तो आंत शिरतो. पुष्कळांस वाटतें तसा तो रक्तांतून धांवत जात नाहीं. जखमेजवळचा मज्जातंतूचा धागा धरून तो हळूहळू मेंदूकडे सरकत राहतो. ह्या वाटचालीस बहुधा एक ते तीन महिने लागतात; क्वचित् ती आठवड्यांत आटोपते, क्वचित् वर्षही घेते. जखम तोंडावर वा मानेवर असली तर वाट आंखूड, म्हणून धोका अधिक. लहान मुलांची उंचीच बेताची असल्यामुळें त्यांस अशा जखमा अधिक होतात, हें आयांनीं लक्षांत ठेवावें. ह्या साऱ्या अवधींत मनुष्य खातो, खेळतो, परीक्षा देतो. ताप नाहीं, ठणका नाहीं. जखम भरून येते आणि तिची आठवणही बुजते. हा जो मधला शांत काळ, तोच उपचाराचा काळ होय. आणि दुर्दैवानें लपवालपवीसही ह्यापेक्षां सोयीचा काळ दुसरा नाहीं. लपविणाऱ्या मुलास रोज सकाळीं वाटतें कीं आपण निभावलों.

इतिहासांतील एका मुलाची गोष्ट ह्या ठिकाणीं आठवते. १८८५ सालच्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस आल्सेस प्रांतांत जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्यानें चौदा ठिकाणीं फाडलें. त्याची आई त्यास घेऊन पॅरिसला गेली आणि ६ तारखेस लुई पाश्चर यांच्यापुढें उभी राहिली. पाश्चर यांनीं कुत्र्यांवर लशीचे प्रयोग केले होते. मनुष्यास ती टोचून वांचविल्याचा दाखला त्यांच्यापाशीं नव्हता. शिवाय ते रसायनशास्त्रज्ञ. वैद्यकीची सनद नसल्यामुळें सुई त्यांना स्वतः हातीं धरतां येईना. तें काम डॉक्टर ग्रांशे यांनीं केलें. तेरा वेळां लस टोचली गेली आणि मुलगा वांचला. मोठेपणीं तो पाश्चर यांच्याच संस्थेंत द्वारपाल म्हणून राहिला. ही कथा सांगतांना पाश्चर यांचा गौरव होतो तो यथार्थच आहे. पण आमचें लक्ष त्या माउलीकडे वेधतें. दोन दिवसांत तिनें पॅरिस गांठलें. अर्थात् तिच्यापुढें एक अडचण नव्हती: चौदा जखमा लपवितां येत नाहींत. पोटरीवरच्या चार खुणा लपवितां येतात.

आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कून्नूर येथें पाश्चर यांच्या नांवाच्या संस्था निघाल्या. कसौली येथें डेव्हिड सेंपल यांनीं मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची रीत बसविली, आणि तीच लस पुढें कित्येक दशकें आपल्याकडे चालली. ती पोटांत टोचावी लागे, दिवसांमागून दिवस टोचावी लागे, आणि ती फार दुखे. "कुत्रें चावलें तर बेंबीभोवतीं चौदा इंजेक्शनें" हें वाक्य महाराष्ट्रांतल्या प्रत्येक घरानें ऐकलेलें आहे. ती लस २००४ सालीं आपल्या देशांत बंद झाली. आतांची लस दंडावर टोचतात. सरकारी रुग्णालयांतील प्रचलित रीतीप्रमाणें पहिल्या दिवशीं, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं ती दोन्ही दंडांच्या कातडींत थोडी थोडी देतात. दुसऱ्या रीतींत ती स्नायूंत देतात व चौदाव्या दिवसाची एक भर पडते. दुखणें म्हणाल तर मुंगी चावल्याहून थोडें अधिक. परंतु चौदा इंजेक्शनांची धमकी बंद झालेली नाहीं. आजोबांनीं बापास दिली, बाप मुलास देतो. कुत्र्याच्या वाटेस जाऊं नये म्हणून दिलेली ही धमकी मूल कुत्र्याच्या वाटेस गेल्यानंतर त्याचें तोंड बंद करते, हें देणाऱ्यांच्या ध्यानांतही येत नाहीं. पालकहो, जी सुई अस्तित्वांत नाहीं तिची भीति तरी मुलांस घालूं नका.

हा धोका किती मोठा आहे, ह्याचा अंदाज आंकड्यांवरून यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनीं २०२२ व २०२३ सालीं पंधरा राज्यांत घरोघर जाऊन चौकशी केली. तीवरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, आपल्या देशांत दरसाल सुमारें ९१ लक्ष माणसांस जनावरें चावतात, त्यांतील दर चार चाव्यांपैकीं तीन कुत्र्यांचे असतात, आणि सुमारें ५,७०० माणसें पिसाळण्याच्या रोगानें दगावतात. कुत्रें चावलेल्यांपैकीं सुमारें एक पंचमांश लोकांनीं लस मुळींच घेतली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें, रोगाचा संशय असलेल्या जनावरांनीं चावलेल्यांत शेंकडा ४० पंधरा वर्षांखालील मुलें असतात. चोख औषध शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत असतां, तें सरकारी रुग्णालयांत फुकट टोचलें जात असतां, इतके जीव जातात. त्यांतले कांहीं रुग्णालय दूर म्हणून, कांहीं मंत्र्यातंत्र्याच्या नादानें, कांहीं "एवढ्याशा ओरखड्यास काय होतें" म्हणून जातात. न सांगितल्यामुळें किती मुलें जातात ह्याचा हिशेब कोणापाशीं असणार? जी गोष्ट कोणास सांगितलीच नाहीं ती नोंदवहींत कशी यावी?

लपविण्यानें रोग बळावतो ह्याचा एक फार मोठा दाखला आपल्याच प्रांतांत घडलेला आहे. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं गांठीच्या तापाचे रोगी ओळखले. तो प्लेग. उंदीर व त्यांवरील पिसवा यांच्या द्वारें तो माणसांत येतो हें तेव्हां सिद्ध व्हावयाचें होतें. पॉल सिमाँ यांनीं पिसवांचा संबंध दाखविला तो १८९८ सालीं. मधल्या काळांत सरकारनें १८९७ चा साथरोगांचा कायदा केला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, पुण्यास सैनिक घरांत शिरले, रोग्यांस व त्यांच्या आप्तांस वेगळ्या छावण्यांत नेण्यांत आलें. हेतु रोग थांबविण्याचा होता, पण परिणाम काय झाला? लोकांनीं रोगी लपविले. माळ्यावर लपविले, मागल्या दारानें दुसऱ्या गांवीं नेले, मृतांचीं नांवें दडविलीं. रोग्याबरोबर रोगही लपला आणि गांवोगांव गेला. रँड यांच्या खुनापर्यंत त्या संतापाची मजल कशी गेली हें सर्वांस माहीत आहे. त्याच काळीं त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यांत नेत होत्या. त्या शुश्रूषेंतच त्यांस प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. एकीकडे दार ठोठावणारा शिपाई, दुसरीकडे पाठीवर घेणारी बाई. रोग्याचें घर ह्या दोहोंपैकीं कोणापुढें आपण होऊन उघडलें असेल, हें सांगावयास नको. बाप आणि शिक्षक ह्यांनीं ह्यांतून आपापल्यापुरतें काय घ्यावयाचें तें घ्यावें.

हीच गोष्ट पावसाळ्यांतील तापाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. पुढल्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसच्या तापानें माणसें गेलीं. उंदीर, गुरें, कुत्रीं यांच्या मूत्रांतून हे जंतु सांचलेल्या पाण्यांत येतात आणि पायाच्या लहानशा चिरेंतून शरीरांत शिरतात. ताप येतो तो बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं. तोंवर पाणी ओसरलेलें असतें आणि चिखलांतला चेंडूचा खेळ विसरलेला असतो. डॉक्टर विचारतात, "पाण्यांत गेला होतास काय?" आई जवळ उभी असते. मुलगा मान हलवितो: नाहीं. त्या एका "नाहीं"मुळें तपासणी दुसऱ्याच दिशेस जाते. तसेंच सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग तालुक्यांत २०१६ सालीं जो माकडताप आला, तो रानांतील गोचिडांपासून. मेलेलें माकड दिसलें हें मोठ्यांस वेळीं सांगणारा गुराखी पोर तेथें एखाद्या मोठ्या यंत्राइतका उपयोगी. पण रानांत कशाला गेला होतास म्हणून प्रथम त्याच्याच कानशिलांत बसणार असेल, तर तो कशाला सांगतो!

आतां भिंतीवरल्या चित्रांविषयीं थोडेंसें. त्यांतील कुत्रा पाहिलात काय? डोळे तांबडे, सुळे बाहेर, तोंडांतून फेस गळतो आहे. चित्रकाराचा हात चांगला आहे, पण ह्या चित्रानें मुलाच्या मनांत काय ठसतें? कीं असा दिसेल तोच कुत्रा वाईट. आपल्यास चावला तो शेपटी हलवीत होता, म्हणजे कांहीं भय नाहीं. वस्तुतः रोगाचीं चिन्हें दिसण्यापूर्वीं कांहीं दिवस कुत्र्याच्या लाळेंत विषाणु असूं शकतो. कांहीं कुत्रीं तर पिसाळल्यावर धांवतही नाहींत; कोपऱ्यांत मलूल पडून राहतात, आणि दयेनें पाणी पाजावयास गेलेल्या मुलास चावतात. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा यांच्या चाव्याविषयींही हाच नियम समजावा. घरच्या कुत्र्यास लस टोचलेली असली तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून निश्चिंत राहूं नये. फेसाळ चित्रापेक्षां, एक मूल आपली पोटरी आईस दाखवीत आहे असें साधें चित्र काढावें, असें आम्ही सुचवितों. त्यास बक्षीस मिळणार नाहीं कदाचित्.

कुत्र्यांचा द्वेष करा असें मात्र आम्ही कधींही म्हणणार नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील दरिद्री लाजर श्रीमंताच्या दाराशीं फोडांनीं भरून पडला होता. घरधन्यानें त्याची विचारपूस केली नाहीं, कुत्रीं मात्र येऊन त्याचे फोड चाटीत असत. त्या मुक्या प्राण्यांची जवळीक आम्हांस नेहमींच हृद्य वाटत आली आहे. आजचा डॉक्टर लाजरास फोड साबणानें धुवावयास लावील आणि लसही टोचील, हें निराळें! भटकीं कुत्रीं कोठें ठेवावीं हा वादही जुनाच. १८३२ सालीं मुंबईंत कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून पारशी मंडळी चिडून उठलीं आणि दंगल झाली. २०२५ सालच्या ऑगस्टांत दिल्लींतील कुत्र्यांविषयीं सर्वोच्च न्यायालयास आपला हुकूम दहा-अकरा दिवसांत बदलावा लागला. त्या वादांत आम्ही येथें पडत नाहीं. गोमंतकांत काय घडलें तेवढें सांगतों. तेथें २०१३ ते २०१९ ह्या काळांत कुत्र्यांस पकडून लस टोचून सोडण्याचें काम इतक्या चिकाटीनें झालें कीं, एका वर्षांत ९५,००० च्या वर कुत्र्यांस लस मिळूं लागली. शंभरांत सत्तर कुत्र्यांस लस असली कीं रोगास पुढें जाण्यास वाट उरत नाहीं. कुत्र्यांतील रोग शेंकडा ९२ नीं घटला, आणि २०१८ व २०१९ ह्या दोन वर्षांत ह्या रोगानें मनुष्याचा एकही मृत्यु तेथें नोंदला गेला नाहीं. पण आम्हांस विशेष वाटतें तें त्याच कार्याच्या दुसऱ्या अंगाचें: वर्षास दीड लक्ष मुलांपर्यंत शिकविणारे लोक शाळांशाळांतून पोंचले. कुत्र्यांस सुई आणि मुलांस शब्द, दोन्ही बरोबर गेलीं.

येथें पालक एक आक्षेप घेतील, आणि तो आम्हीं ऐकलाही आहे. "मुलांस रागें भरावयाचें नाहीं, तर तीं नको तेथें जातील, कुत्र्यांस दगड मारतील, डबक्यांत लोळतील. धाक हवा कीं नको?" धाक हवा, आम्ही शिक्षकी पेशांतले, धाकाची उपयुक्तता आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु धाक बोळाचा असावा, बोळांत काय झालें तें सांगण्याचा नसावा. मुलाच्या लेखीं हे दोन धाक एकच होऊन बसतात. ते निराळे करण्याचें काम मोठ्यांचें. मुलगा आपण होऊन सांगेल त्या दिवशीं रागवूं नये. प्रथम नळ सोडावा. रागवावयाचेंच असेल तर अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई झाल्यावर रागवावें. राग तोंवर टिकला तर खुशाल रागवावें.

नळ सोडावा असें म्हटलें तें अलंकारानें नव्हे. ह्या विषाणूभोंवतीं चरबीचें आवरण असतें आणि साबणानें तें फुटतें. म्हणून जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पुरीं पंधरा मिनिटें धुणें हा पहिला उपचार, आणि तो घरोघरीं फुकट आहे. पंधरा मिनिटें घड्याळावर पाहावीं. अंदाजानें धुणारे दोन मिनिटांत थकतात. जखमेंत हळद, तिखट, चुना, तेल यांपैकीं कांहीं भरूं नये. ती घट्ट बांधूं नये. मग त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. रक्त आलें असेल, तर लशीशिवाय एक तयार प्रतिविष जखमेंतच टोचतात, कारण लशीचा गुण अंगीं येण्यास कांहीं दिवस लागतात आणि तोंवर कोणीतरी पहारा करावयास हवा. हें औषध लहान ठिकाणीं नेहमींच मिळतें असें नाहीं; तेव्हां मोठ्या रुग्णालयांत जाण्याचा आळस करूं नये. चावणारें कुत्रें किंवा मांजर ओळखीचें असल्यास दहा दिवस त्यावर दुरून नजर ठेवावी. दहाव्या दिवशीं तें धडधाकट असेल तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें समजतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेणें हा शुद्ध वेडेपणा होय. लस आधीं, पहारा नंतर. आणि चार दिवस उशीर झाला म्हणून आतां जाऊन काय उपयोग, असेंही कोणी म्हणूं नये. विषाणु वाटेवर असेपर्यंत उपयोग आहेच.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस वेगळें असें फार सांगावयाचें नाहीं. घरीं सांगण्याचें धैर्य होत नसेल, तर आजी असते, मोठी ताई असते, वर्गशिक्षक असतात, शाळेचा शिपाईही असतो. ज्याचें भय वाटत नाहीं त्यास सांगा. पण त्याच दिवशीं सांगा. मित्राचा चावा तुम्हांस ठाऊक असेल आणि त्यानें शपथ घातली असेल, तर ती शपथ मोडा. आमच्या धर्मशिक्षणाच्या तासास खरें बोलण्याविषयीं जें सांगतात त्यांत हेंही बसतें.

त्या मुलाचें राहिलें. आजीनें आरडाओरड केली नाहीं. तिनें त्यास मोरीवर नेलें, पाय धुतला, आणि सुनेस म्हणाली, "त्याच्या बापास दारांतच गांठ आणि हात खिशांत ठेवावयास सांग." वडील तसेच त्यास घेऊन सरकारी रुग्णालयांत गेले. पोटरीवरच्या जखमेंत प्रतिविष टोचलें तेव्हां तो ओरडला, दंडावरच्या सुया मात्र त्यास कळल्याही नाहींत, आणि "चौदा कोठें आहेत?" असें त्यानें परिचारिकेस विचारलें. दहाव्या दिवशीं वडील स्वतः त्या बोळांत जाऊन आले. कुत्री पिलांसह मजेंत होती आणि त्यांच्यावरही गुरगुरली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून लस मात्र पुरी केली. अठ्ठाविसाव्या दिवशीं शेवटची सुई घेऊन बापलेक पायीं घरीं परत येत होते. इतके दिवस दाबून ठेवलेलें सारें बोलून टाकावें म्हणून वडील थांबले, मुलाकडे पाहिलें, आणि त्यांच्या तोंडून निघालें तें इतकेंच: "आणखी कांहीं लपविलें आहेस काय रे?" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें सदऱ्याची बाही वर केली. कोपरावर वाळलेली खपली होती. वडिलांच्या सायकलीस हात लावावयाची त्यास बंदी आहे. मागल्या चाकाचा एक आरा वांकला आहे, हें त्यांना तेव्हांच कळलें.